दामलेमामा

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड हे गाव आहे. संत जनाबाईंचे गाव म्हणून ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. जनाबाई पहाटे दळायला बसल्या की, प्रत्यक्ष पांडुरंग येऊन जात्याचा खुंटा धरी व त्यांच्याबरोबर दळू लागे, ही कथा आपल्याकडील मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. या कथेत एक देव आहे आणि एक जाते आहे. देवाचे येणे अद्भुत. जाते मात्र घरोघरचे. त्याची घरघर आपल्या ओळखीची, पिठाचा वास ओळखीचा, दळून दळून हाताला पडलेले घट्टेही ओळखीचे. हे सारे खरे असते, म्हणूनच त्या खुंट्यावर टेकलेला देवाचा हातही ऐकणाऱ्याला खरा वाटू लागतो.

अशा कथा मराठी माणसाने शेकडो वर्षे कीर्तनांतून आणि ओव्यांतून ऐकल्या. विसाव्या शतकात चित्रपटाची कला आली व याच कथा पडद्यावर दिसू लागल्या. परंतु कानाने ऐकलेले अद्भुत डोळ्यांना दाखविणे फार अवघड असते. जाते पुठ्ठ्याचे झाले, तर देवही पुठ्ठ्याचा दिसतो. हे मर्म ज्यांना पुरते उमगले होते, त्यांत विष्णुपंत गोविंद दामले यांचे नाव अग्रभागी आहे. चित्रसृष्टीतील लहानथोर सारे त्यांना दामलेमामा म्हणत.

विष्णुपंतांचा जन्म इ. स. १८९२ मध्ये पेण येथे झाला. आजच्या रायगड जिल्ह्यातील हे गाव गणपतीच्या सुबक मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. विष्णुपंतांचाही ओढा हाताच्या कामाकडे होता. एखादी वस्तू कशी बनते, यंत्राचे कोणते चाक कशाने फिरते, हे पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. हीच ओढ त्यांना पुढे कोल्हापुरास घेऊन गेली.

त्या काळी कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे संगीत, नाट्य आणि चित्रकला भरभराटीस आल्या होत्या. नाटक मंडळ्यांना रंगभूमीसाठी मोठमोठे पडदे लागत. कधी राजमहाल, कधी घोर अरण्य, तर कधी नगरातील रस्ता, असे देखावे त्या पडद्यांवर रंगवावे लागत. आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री हे बंधू या कामात निष्णात होते. लोक त्यांना पेंटर याच नावाने ओळखत. त्यांच्या हाताखाली विष्णुपंतांनी उमेदवारी केली. सपाट कापडावर खोली कशी निर्माण करावी, एका रंगाच्या छटेने सकाळ आणि दुसऱ्या छटेने संध्याकाळ कशी भासवावी, हे त्यांनी येथे आत्मसात केले.

पेंटर बंधूंना चित्रपट काढण्याचा ध्यास लागला होता. परंतु त्यासाठी लागणारा कॅमेरा परदेशातून आणावा, तर पैसा नव्हता. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनविण्याचा निश्चय आनंदरावांनी केला. या कामात विष्णुपंत त्यांचे सहकारी होते. दुर्दैवाने काम पुरे होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी आपल्या शिष्यांच्या मदतीने तो कॅमेरा पूर्ण केला. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांसमोर आला.

याच कंपनीत विष्णुपंतांना एक जन्माचा मित्र लाभला. त्यांचे नाव शेख फत्तेलाल. हे चित्रकार कोल्हापूरजवळच्या कागलचे होते. त्यांना सारे साहेबमामा म्हणत. एक पेणचा, एक कागलचा. एक हिंदू, एक मुसलमान. परंतु कामात दोघांचे चित्त एक झाले होते. एकाने रेघ ओढावी आणि दुसऱ्याने तीत रंग भरावा, अशी त्यांची जोडी जमली. नेपथ्य उभारणे, पोशाख ठरविणे, छायाचित्रण करणे, यंत्रे दुरुस्त करणे, अशी नाना कामे दोघांनी केली. बाबुराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावणाऱ्या एका शेतकऱ्याची ती कथा होती. राजवाडे आणि रथ बाजूला ठेवून साध्या खेड्यातील जीवन पडद्यावर आणण्याचा तो मोठा प्रयत्न होता. हा धडा दामले आणि फत्तेलाल कधीच विसरले नाहीत. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ या चित्रपटाचे दिग्दर्शन केले.

पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधाराने कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. बसलेली घडी मोडून पाच जणांनी नवा संसार मांडला होता. एक-दोन चित्रपट पडले असते, तर सारेच उघड्यावर आले असते. पण पाचही जण कष्टाळू होते. तुतारी फुंकणारी ललना हे प्रभातचे बोधचिन्ह लवकरच घरोघरी परिचित झाले.

इतक्यात चित्रपटाला वाचा फुटली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट मुंबईत झळकला. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे संकट उभे राहिले. बोलणे आणि गाणे फिल्मवर कसे उतरवावयाचे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. प्रभातमध्ये ती जबाबदारी दामलेमामांनी आपल्या शिरावर घेतली. ध्वनिमुद्रणाचे पद्धतशीर शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नव्हते. यंत्र उघडावे, त्याचा अभ्यास करावा, चुकावे आणि पुन्हा जोडावे, हाच त्यांचा मार्ग. बोललेल्या शब्दाची विजेच्या साह्याने प्रकाशरेषा करून ती फिल्मच्या कडेला उमटवावी लागे. तेव्हा पात्रे कॅमेऱ्यापुढे उभी राहून प्रत्यक्ष गात आणि वादकांना आडोशाला बसवावे लागे. कोणी खोकला, कोठे भांडे वाजले, तर सारे काम फुकट जाई. अशा अडचणींतून १९३२ मध्ये प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ बाहेर पडला आणि तो लोकांनी उचलून धरला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली.

आता दामलेमामांच्या जीवनातील सर्वश्रेष्ठ कार्याकडे वळू. १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. कथा शिवराम वाशीकर यांची होती व संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करून ते गाजले होते व भजने गाण्यात त्यांचा हातखंडा होता. तुकोबांच्या पत्नीची, जिजाईची, भूमिका गौरी नावाच्या नटीने केली. ती काही मोठी नामांकित तारका नव्हती. परंतु या चित्रपटातील तिची जिजाई पाहिली, म्हणजे ही बाई आपल्याच आळीत कोठेतरी राहत असावी, असे वाटते.

त्या चित्रपटातील देहू गाव डोळ्यांपुढे आणा. मातीची घरे, सारवलेले अंगण, चूल आणि तिचा धूर. घरात दाणा नाही. मुले भुकेली आहेत. धनी मात्र अभंगात दंग. जिजाई कडाडते, कपाळाला हात लावते आणि तरीही पतीवाचून तिचे पान हलत नाही. तिचा जीव मुलांवर आणि आपल्या म्हशीवर. विठोबाशी तर तिचे हाडवैर, कारण त्यानेच तिच्या घराची ही दशा केली, असा तिचा समज! मुलगा आजारी पडतो, तेव्हा ती त्याला घेऊन तडक देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन देवालाच जाब विचारते. हे पाहताना प्रेक्षक खदखदून हसतो. पण हसता हसता त्याचे डोळेही ओलावतात. आजाऱ्या लेकरासाठी देवाशी भांडणारी आई कोणाला परकी वाटेल?

गावात सालोमालो नावाचा एक ढोंगी बुवा आहे. तुकोबांचे अभंग चोरून ते आपल्याच नावाने खपविणे हा त्याचा उद्योग. पण चोरलेला अभंग त्याच्या तोंडी गेला की, त्याचा तमाशा होतो. त्याचे ऐटीत मुरडणे आणि शेवटी उडणारी फजिती पाहून लहान मुलेही टाळ्या पिटतात. मात्र त्याचा हेवा तुकोबांच्या जिवावर उठतो. त्याच्या चहाडीवरून पंडित रामेश्वरशास्त्री तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास भाग पाडतात. तेथे मात्र सारे हसू मावळते. तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहतात. ज्याने धन मागितले नाही, मान मागितला नाही, त्याच्याजवळ होते नव्हते तेवढे शब्दही पाण्यात गेलेले असतात.

अशा या साध्यासुध्या गावात अद्भुत गोष्टी घडू लागतात. शेताच्या राखणीला बसविलेले तुकोबा भजनात रंगतात आणि पीक फस्त होते. पण देवाच्या कृपेने तेथे धान्याची रास पडते. बुडविलेल्या वह्या नदीतून कोरड्या वर येतात. कीर्तनाला आलेल्या शिवाजी महाराजांना पकडण्यासाठी शत्रूचे शिपाई येतात, तेव्हा त्यांना जिकडे पाहावे तिकडे शिवाजीच दिसू लागतो. अखेरीस तुकोबांना नेण्यासाठी वैकुंठाहून विमान येते. तुकोबा जिजाईला बरोबर बोलावतात. परंतु तिला कोठली सवड? मुलांसाठी स्वयंपाक व्हावयाचा असतो! एकीकडे आकाशात जाणारे विमान आणि दुसरीकडे चुलीपाशी गुंतलेली आई, अशा दोन दृश्यांत हा चित्रपट संपत येतो. जनाबाईंच्या कथेत जसे देव आणि जाते जवळजवळ येतात, तसेच येथे वैकुंठ आणि चूल एकत्र आली आहेत.

हे चमत्कार पडद्यावर कसे दाखविले जात, असे कुतूहल तुम्हांस वाटेल. त्या काळी संगणक नव्हते. अशा दृश्यांसाठी एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्र घ्यावे लागे. एकदा घेतलेल्या चित्राचा काही भाग झाकून ठेवावयाचा, फिल्म मागे फिरवावयाची आणि मोकळ्या राहिलेल्या भागावर दुसरे चित्र घ्यावयाचे. फिल्म केसभर हलली, तरी सारे बिघडे. कधी मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती करीत; कधी कॅमेरा थांबवून मधली वस्तू बदलीत आणि पुन्हा सुरू करीत. या कामाला चित्रकाराची दृष्टी, सुताराचा हात आणि घड्याळजीची चिकाटी, तिन्ही लागत. पडदे रंगविण्यापासून कॅमेरा घडविण्यापर्यंत विष्णुपंतांनी जे कष्ट केले होते, ते या ठिकाणी फळास आले.

परंतु युक्ती कितीही नामी असली, तरी केवळ युक्तीने माणसाचे हृदय हलत नाही. जादूगाराचा खेळ पाहून आपण थक्क होतो, आणि घरी येईपर्यंत विसरूनही जातो. दामलेमामांनी चमत्काराच्या आधी घर उभे केले, घरातली भूक दाखविली, भांडण दाखविले, माया दाखविली. वह्या बुडाल्याचे दुःख प्रेक्षकाच्या मनात आधी खोल रुजले, म्हणून त्या वर आल्याचा आनंद त्याला आपला वाटला. चमत्कारांवर ज्यांचा विश्वास नाही, तेही हा चित्रपट पाहून गहिवरतात, याचे कारण हेच होय.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात १२ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शित झाला आणि एकाच चित्रगृहात एक वर्षाहून अधिक काळ चालला. शहरांतील गर्दी ओसरल्यावरही गावोगावच्या जत्रांतील तंबूंत तो दाखविला जाई. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी बीज आणि वृक्ष यांच्या नात्यावर एक पद रचले होते. ते इतके साधले की, अनेकांनी ते तुकोबांचेच समजून गाथेत शोधले! १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. देहूची भाषा न जाणणाऱ्या लोकांनाही देहूचे सुखदुःख कळले.

गावाचे हसू आणि मनीचे अद्भुत यांची अशी सांगड इतर देशांतही घातली गेली आहे. काळा समुद्र आणि काकेशस पर्वत यांच्यामध्ये जॉर्जिया नावाचा एक लहानसा देश आहे. तेथे तेंगिझ अबुलाद्झे आणि रेझो छेइद्झे या दोन मित्रांनी, आपल्या दामले-फत्तेलालांप्रमाणेच, मिळून १९५५ मध्ये एक चित्रपट काढला. गरीब विधवा मग्दाना, तिची मुले आणि त्यांना सापडलेले एक मरणोन्मुख गाढव यांची ती कथा. फ्रान्समधील कान येथील महोत्सवात तिला पुढच्या वर्षी पारितोषिक मिळाले. पुढे अबुलाद्झे यांनी इच्छा पुरविणाऱ्या वृक्षाची आस धरणाऱ्या खेड्यातील वेड्याबागड्या माणसांवरही चित्रपट काढला. दामलेमामा ते पाहावयास हयात नव्हते. परंतु मग्दानाचे गाढव आणि जिजाईची म्हैस एकमेकींच्या शेजारच्याच गोठ्यातील वाटतात!

‘संत तुकाराम’नंतर दामले आणि फत्तेलाल यांनी १९३८ मध्ये ‘गोपाल कृष्ण’ हा चित्रपट केला. त्यात गोकुळातील गाई-गोप आले. कृष्णाची भूमिका राम मराठे या मुलाने केली. तो पुढे थोर गायक झाला. १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आला. रेड्याच्या मुखी वेद आणि चालणारी भिंत हे प्रसंग लोकांनी श्वास रोखून पाहिले. ज्ञानेश्वरांचे काम शाहू मोडक या अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील नटाने केले. हिंदू आणि मुसलमान दिग्दर्शक, ख्रिस्ती नट आणि सर्वांची माउली असलेले ज्ञानेश्वर, असा तो सुंदर संगम होता. १९४१ मध्ये राजा नेने यांच्यासह त्यांनी ‘संत सखू’ केला. सासरी छळ सोसणाऱ्या सखूच्या जागी देव स्वतः राबतो, ही त्याची कथा. येथेही देव आला तो घरकामाला हातभार लावण्यासाठीच.

यानंतर काळ पालटला. भागीदारांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या. १९४२ मध्ये शांताराम कंपनी सोडून गेले. दामलेमामांची प्रकृती ढासळली आणि ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे ५२ वर्षांचे होते. साहेबमामा फत्तेलाल त्यांच्यामागे १९६४ पर्यंत जगले. १९५३ मध्ये प्रभात कंपनी बंद पडली. पण तिची वास्तू व्यर्थ गेली नाही. १९६० मध्ये भारत सरकारने त्याच जागी चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी आजही तेथे ही कला शिकतात.

दामलेमामांचे चरित्र वाचताना सालोमालोची आठवण पुन्हा एकदा होते. दुसऱ्याच्या रचनेवर आपले नाव घालणारा तो बुवा पडद्यावर ज्यांनी उभा केला, त्यांनी स्वतःचे नाव मात्र कधी एकट्याचे म्हणून मिरविले नाही. दामले म्हटले की फत्तेलाल हे नाव आपोआप ओठांवर येते. कोणती रेघ कोणाची आणि कोणता रंग कोणाचा, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, आणि त्या दोघांनाही ते सांगावेसे वाटले नाही. पडद्यावर विमान आकाशात जाते, तेव्हा प्रेक्षक तुकोबांकडे पाहत राहतो. ते विमान कोणी उडविले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. कारागिराला याहून मोठा मान तो कोणता?